वीस मिनिटांची बाजू: जुन्या मैफलींतलं रेकॉर्डवर काय जाईल?

पंचवीस-तीस वर्षं मैफली केलेल्या गायकाकडे किंवा वादकाकडे एक कपाट असतं. कॅसेट, दोन-चार स्पूल, आयोजकांनी दिलेल्या सीड्या, एखादी डॅट (डिजिटल आवाजाची छोटी फीत). यातून एक एल.पी. काढायचं ठरलं की सगळे आधी विचारतात, 'सगळ्यात रंगलेली मैफल कोणती?' तो प्रश्न विचारायचाच, पण नंतर. आधी घड्याळ बघायचं. लोक अजून जिची आठवण काढतात ती मैफल तबकडीवर पार फसू शकते, आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेला सतरा मिनिटांचा केदार तिथे अप्रतिम वाजतो.

कारण तबकडीची बाजू हे एक ठरलेलं भांडं आहे. बारा इंची रेकॉर्डवर खाच साधारण २९२ मिलिमीटर व्यासावर सुरू होते आणि १२१ मिलिमीटरच्या आसपास संपवावी लागते. म्हणजे त्रिज्येवर जेमतेम ८६ मिलिमीटर जागा. मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे या हिशोबाने १८ मिनिटांचे ६०० फेरे होतात, २२ मिनिटांचे ७३३. बावीस मिनिटं भरली तर शेजारच्या दोन खाचांमध्ये सरासरी ०.११७ मिलिमीटर अंतर उरतं. त्याहून जास्त भरायचं तर खाचा जवळ आणाव्या लागतात. खाचा जवळ आणायच्या तर आवाजाची पातळी उतरवावी लागते, आणि पातळी उतरली की तबकडीची स्वतःची खरखर वर येते. २५-२६ मिनिटं बसवता येतात, पण मग ऐकणारा आवाज वाढवतो आणि त्याबरोबर खरखरही वाढते. शास्त्रीय संगीतासाठी १८ ते २० मिनिटं हा आकडा डोक्यात पक्का ठेवावा. बाविसाव्या मिनिटाला थांबायचंच.

यापेक्षा मोठी अडचण वेगाची आहे. फेऱ्यांची गती तीच राहते, पण कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच जाते आणि आतल्या टोकाला फक्त २१. तोच एक सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो. म्हणून आत जाताना तारसप्तक फाटल्यासारखं होतं, 'स' आणि 'छ' थुंकल्यासारखे येतात, झांजांचा नुसता चुरा होतो. आणि ख्यालाची चाल नेमकी याच्या उलट. जिथे जागाच जागा आहे त्या कडेला आपण तानपुरा आणि मंद्रातली आलापी ठेवतो, आणि द्रुतातली सपाट तान, अंतऱ्याचा तार षड्ज, तबलजीची शेवटची तिहाई हे सगळं आतल्या अरुंद गल्लीत लोटतो. गाण्यांच्या अल्बममध्ये शेवटी एक संथ गाणं टाकून हे निभावता येतं. रागात क्रम बदलता येत नाही.

म्हणून वेळ वाचवण्याला इतकी किंमत. खाचांमधलं अंतर तेच ठेवून १८ मिनिटंच भरली तर बाजू १५२ मिलिमीटर व्यासावर संपते. तिथे वेग २६.५ सेंटिमीटर असतो, म्हणजे आतल्या टोकाच्या सव्वापट. एवढ्या फरकाने शेवटची तान वाचते. सतारीचा किंवा संतूरचा 'झाला' (शेवटचं वेगवान झंकारतं वादन) असेल तर १२ इंची तबकडी ४५ च्या गतीवर काढण्याचाही विचार करावा. बाजूला बारा-चौदा मिनिटंच मिळतात, पण आतल्या टोकालाही २८ सेंटिमीटरचा वेग असतो. रागाला एवढा वेळ पुरत नाही. धून, ठुमरी, नाट्यगीत यांना पुरतो.

निवड प्रत्यक्षात कशी होते ते एका नेहमीच्या संध्याकाळच्या मैफलीवर पाहू. पूरिया धनाश्री, विलंबित एकताल ३४ मिनिटं आणि द्रुत ९. मग केदार, मध्यलय, १७ मिनिटं ४० सेकंद. एक ठुमरी ११ मिनिटं. भैरवी साडेसात. रंगला तो अर्थात पूरिया धनाश्री. एका तबकडीचा विचार असेल तर मात्र उत्तर सरळ आहे: पहिल्या बाजूला केदार, दुसऱ्या बाजूला ठुमरी आणि भैरवी मिळून साडेअठरा. दोन्ही बाजू पोटभर, कुठेही कात्री नाही, आणि भैरवीचा शेवट सहसा निवांत असल्यामुळे आतल्या टोकाला त्रास नाही. पूरिया धनाश्री डिजिटलवर पूर्ण ४३ मिनिटं द्यावा, तिथे त्याला कुणी अडवत नाही. अगदीच सोडवत नसेल तर दोन तबकड्या. स्थायीची बढत (रागाचा सावकाश विस्तार) पहिल्या बाजूला, अंतऱ्यापासून पुढचं दुसऱ्या, द्रुत तिसऱ्या. बाजू उलटायची जागा अंतऱ्याच्या तोंडाशी आली तर ऐकणाऱ्याला ती विश्रांतीसारखी वाटते. तीच जागा बढत निषादावर अडलेली असताना आली तर मात्र चिडचिड होते.

(मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. अब्दुल करीम खाँ, केसरबाई तीन-साडेतीन मिनिटांचा राग त्या वेळेसाठीच बांधून गात. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर गेलेली केसरबाईंची भैरवीही साडेतीन मिनिटांचीच आहे. मैफल तशी गायलेली नसते, म्हणून ती कापायला अवघड.)

तरीही कापायची वेळ आलीच, तर ते काम तालाच्या हिशोबाने होतं. समेपासून (तालाच्या पहिल्या मात्रेपासून) समेपर्यंत पूर्ण आवर्तनं, म्हणजे तालाचे पूर्ण फेरे, काढायची, मधलं काही नाही. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन सुमारे मिनिटभराचं असतं, म्हणजे ३४ चे २० करायला तेरा-चौदा आवर्तनं जातात. इथे फसगत होते ती लयीची. विलंबित हळूहळू चढत असतो. सुरुवातीचं आवर्तन ५८ सेकंदांचं आणि दहा आवर्तनांनंतरचं ५२ चं असेल तर जोडावर ठेका एकदम पळाल्यासारखा वाटतो, आणि तो तबला न कळणाऱ्यालाही जाणवतो. म्हणून एकदम दहा काढण्यापेक्षा तीन-चार ठिकाणी दोन-दोन, तीन-तीन काढावीत आणि प्रत्येक जोडावर दोन्हीकडच्या आवर्तनांत सेकंदाहून जास्त फरक नको. जोड समेच्या ठोक्यावरच, ३० ते ५० मिलिसेकंदांच्या सरमिसळीने. डग्ग्याचा आघात तानपुऱ्याच्या आवर्तनातली उडी झाकतो. आणि काढलेल्या भागातली 'वाहवा' जोडापलीकडे लोंबकळत नाही ना, ते हेडफोनवर तपासायचं. चालू तानेत आवाज हळूहळू बुजवून बाजू संपवणं हा प्रकार मात्र करू नये. त्यापेक्षा दुसरी मैफल शोधावी.

घड्याळाच्या चाळणीतून जे उरेल त्याचं मूळ तपासायचं. इथे निम्मा माल गळतो. सीडीवर आलेली मैफल मूळची एमपी३ वरून तर केलेली नाही ना, हे स्पेक्ट्रममध्ये लगेच कळतं: १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचा भाग सुरीने कापल्यासारखा सपाट दिसला की ती बाजूला ठेवा. मिनीडिस्कमध्येही आवाज आकुंचित केलेला असतो. डॅट चांगली, पण ती वाजवणारी यंत्रं झपाट्याने कमी होत आहेत, तेव्हा प्रकाशित करायची असो वा नसो, आधी तिचं संगणकावर हस्तांतर करून घ्या.

कॅसेटला कमी लेखू नये. सी-६० वर चांगल्या यंत्राने घेतलेलं ध्वनिमुद्रण तबकडीवर छान उतरतं. दोष असतात ते ठरलेले. ३० किंवा ४५ मिनिटांनी बाजू संपते तेव्हा कॅसेट उलटेपर्यंतचं गाणं गेलेलं असतं, आणि ते हमखास विलंबिताच्या ऐन मध्यात. सी-१२० ची फीत इतकी पातळ की ती ताणली जाते आणि सूर लहरतो. हस्तांतराच्या वेळी वाचणाऱ्या हेडचा कोन त्या-त्या कॅसेटला जुळवून घ्यावा लागतो. आवाज मोनो करून, तबल्याच्या चाटीवरचा 'ना' सगळ्यात लखलखीत ऐकू येईपर्यंत तो छोटा स्क्रू फिरवायचा. हे न करता केलेल्या हस्तांतरात वरचे स्वर कायमचे जातात, नंतर ट्रेबल वाढवून ते परत येत नाहीत. डॉल्बी (फितीची सुसुकार दाबणारी सोय) लावून घेतलेली कॅसेट डॉल्बीशिवाय वाजवली तर कर्कश वाटते आणि उलट केलं तर बुजकी.

स्पूलच्या बाबतीत १९७० च्या उत्तरार्धापासूनच्या काही फितींचा लेप दमट हवेने चिकट होतो. वाजवताना किंचाळल्यासारखा आवाज आला, हेडवर तपकिरी कीट बसलं की तिथेच थांबायचं. अशी फीत ५४ अंशांच्या आसपास नियंत्रित उष्णतेत आठ तास किंवा जास्त ठेवली की काही आठवडे वाजवण्याजोगी होते. घरच्या ओव्हनमध्ये हे करू नका, त्याचं तापमान वरखाली होतं. आणि जुनी ॲसिटेटची फीत कधीच भाजायची नाही. स्पूल उजेडासमोर धरला आणि फितीच्या थरांतून उजेड आरपार दिसला तर ती ॲसिटेट.

नंतर पट्टी. बॅटरीवरच्या यंत्रात सेल उतरत गेले असतील तर फीत हळू चालली आणि आता वाजवताना सूर चढतो. सहा टक्के फरक म्हणजे एक पूर्ण पट्टी: काळी दोनमध्ये गायलेलं पांढरी तीनमध्ये वाजतं आणि आवाज उगाच कोवळा लागतो. साथीला हार्मोनियम असेल तर ती खरी साक्षीदार, तिच्या सुरांवर वेग बसवावा. विजेच्या गुणगुणीवरून ५० हर्ट्झ धरून वेग ठरवण्याची युक्ती परदेशी पुस्तकांत असते. आपल्याकडे त्या काळी वीजपुरवठाच ५० वर स्थिर नसायचा, त्यामुळे त्या गुणगुणीवरून चढउतार सरळ करता येतो, नेमकी पट्टी ठरवता येत नाही.

सफाईबद्दल एकच सांगणं: हात आवरा. चांगल्या तबकडीची स्वतःची खरखर गाण्याच्या ६० डेसिबलच्या आसपास खाली असते. त्याच्याही खालची फितीची सुसुकार काढून काही मिळत नाही, आणि काढताना पहिला बळी जातो तो तानपुऱ्याच्या जवारीचा. जवारी म्हणजे बारीक, अखंड, वरचे स्वरांश. सफाई करणाऱ्या सॉफ्टवेअरला ते गोंगाटच वाटतात. जवारी गेली की तानपुरा पाण्याखालून वाजल्यासारखा येतो. गंमत म्हणजे तबकडीवर हाच तानपुरा बारीक तडतड झाकत असतो. म्हणजे त्याला मारून आपण आपलंच पांघरूण काढून घेतो.

आता डग्गा. खालचे स्वर दोन वाहिन्यांत वेगळे किंवा उलट कलेत (फेजमध्ये, म्हणजे एकीकडे लाट चढताना दुसरीकडे उतरत) असतील तर कापणारी सुई आडवी हलण्याऐवजी उभी हलते. खाच कुठे खोल, कुठे इतकी उथळ होते की ऐकणाऱ्याची सुई बाहेर उडी मारते. मैफलीत दोन माइक लांब-लांब ठेवलेले असले, किंवा मिक्सरवर डग्गा एका बाजूला सारलेला असला की हे होतं. चाचणी सोपी आहे. स्टिरिओ ऐका, मग मोनो करा. डग्ग्याची घुमक मोनोत पातळ झाली तर कला उलट आहे. साधारण १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो करून घेतलं की बहुतेक प्रश्न सुटतो. एका माइकवरची जुनी मोनो ध्वनिमुद्रणं या बाबतीत निर्धास्त असतात. खाच फक्त आडवी हलते, पातळीही चांगली देता येते. केवळ मोनो आहे म्हणून चांगली मैफल नाकारू नका. माझं मत विचाराल तर दोन सारख्या मैफलींत मी मोनो घेईन.

'स'काराचं कारण कापण्याच्या पद्धतीतच आहे. तबकडीवर कोरताना खालचे स्वर दाबतात आणि वरचे उचलतात, २० किलोहर्ट्झपाशी जवळजवळ २० डेसिबलने. वाजवताना फोनो ॲम्प्लिफायर ते उलटं करतो. त्यामुळे माइकच्या अगदी जवळून गायलेला 'सखी' किंवा 'छब' कोरणाऱ्या यंत्राला अनेक पटींनी मोठा दिसतो. साधारण पाच ते नऊ किलोहर्ट्झमध्ये तो आधीच हलक्या हाताने आवरावा, बाजूच्या शेवटाकडे जरा जास्त. अभंगाच्या शेवटी टाळांचा गजर असेल तर तो अभंग बाजूच्या सुरुवातीला हलवा. टाळ्यांचंही तसंच. आतल्या टोकाला टाळ्या म्हणजे पत्र्यावरचा पाऊस. दोन-तीन सेकंदांत त्या उतरवून बाजू संपवावी.

हक्कांचं काम कंटाळवाणं असतं म्हणून लोक ते शेवटी ठेवतात आणि तिथेच अडकतात. तुम्ही गायलात म्हणून ध्वनिमुद्रण तुमचं होत नाही. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करवून घेणाऱ्याकडे असतो, आणि तो प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. कलाकाराचा हक्क वेगळा, सादरीकरणानंतरच्या वर्षापासून ५० वर्षं. तो तबलजी, हार्मोनियमवाला, सारंगिये, मागे तानपुऱ्यावर बसून स्वर भरणारे शिष्य या सगळ्यांना आहे. त्यांची, किंवा ते हयात नसतील तर वारसांची, लेखी संमती हवी, आणि त्यात 'तबकडी' हा शब्द आणि प्रतींची संख्या असावी. आकाशवाणीवरून घरी टेप केलेलं कितीही सुंदर असलं तरी परवान्याशिवाय निवडीतून बाद. बंदीश पारंपरिक असेल तर प्रश्न नाही. रचनाकार माहीत असेल आणि त्यांच्या निधनाला ६० वर्षं झाली नसतील तर त्यांच्या वारसांशी बोलावं लागतं. नाट्यगीतात शब्द आणि चाल दोन्हींचे धनी वेगळे असू शकतात. यांपैकी एकही संमती मिळत नसेल तर ती मैफल आत्ताच यादीतून काढा, कव्हर छापल्यावर नव्हे.

तबकडी कापणाऱ्याकडे पाठवायची फाइल: प्रत्येक बाजूची एकच अखंड वेव्ह, २४ बिट, हस्तांतर ज्या दराने केलं त्याच दराने. शिखरं शून्याच्या तीन डेसिबल खाली, लिमिटर (शिखरं दाबणारं साधन) अजिबात नको. सीडीसाठी ठासून केलेला मास्टर देऊ नका, त्याच्या आधीचा शोधा. सोबत कागदावर मिनिट-सेकंदांत कुठे काय सुरू होतं, आणि सगळ्यात जोराची जागा कुठे आहे, ते लिहून द्या. कापणारा तीच जागा आधी वाजवून पातळी ठरवतो. ठुमरी आणि भैरवीच्या मध्ये डिजिटल शांतता टाकू नका, सभागृहाची किंवा तानपुऱ्याची चार सेकंदं ठेवा.

मग चाचणीची तबकडी येते. ती किमान तीन प्रती मागवून ऐकायची. टक्क आवाज तिन्हींवर त्याच जागी असेल तर दोष साच्यात किंवा मूळ लॅकरमध्ये (ज्यावर खाच पहिल्यांदा कोरतात ती तबकडी). एकीवरच असेल तर ती प्रत वाईट दाबली गेली. काही फेरे चेन ओढल्यासारखी चर्रचर्र आली तर प्लॅस्टिक खाचेत पूर्ण भरलेलं नाही. दाबाचं, तापमानाचं किंवा वेळेचं गणित चुकलंय. तान सुरू होण्याआधी बरोबर १.८ सेकंद तिचीच पुसट सावली ऐकू आली तर तो शेजारच्या खाचेचा प्रतिध्वनी, कारण एका फेऱ्याला तेवढाच वेळ लागतो. आलापीत अधूनमधून ती येते आणि तानपुरा ती झाकतो. फारच स्पष्ट असेल तर खाचांमधलं अंतर वाढवून पुन्हा कापायला सांगावं.

मधल्या भोकाचा दोष मात्र आपल्या संगीताला जितका झोंबतो तितका कुणालाच नाही. भोक केंद्रापासून अर्धा मिलिमीटर सरकलं तर आतल्या टोकाला सूर दर फेऱ्याला अधिकउणा १४ सेंटने (शंभर सेंट म्हणजे एक पट्टी) झोके खातो. प्रमाणश्रुती, म्हणजे आपल्याकडचं स्वरांतलं सूक्ष्म अंतर, साडेएकवीस सेंटांची. म्हणजे अचल षड्ज धरलेला तानपुरा दोन-तृतीयांश श्रुती वर आणि तेवढाच खाली हेलकावतो. पियानोच्या चटपटीत तुकड्यात हे खपून जाईल. कारखान्याला चाचणी ऐकणाऱ्यांचा कान तानपुऱ्यावर असणार हे आधीच सांगा आणि भोकाची चूक ०.२ मिलिमीटरच्या आत मागा. तपासताना बाजूचा शेवटचा भाग ऐका, कडेचा नाही. कडेला तीच चूक निम्म्याहून कमी जाणवते.

तीनशे प्रतींना साच्याचा एकच संच पुरतो, एका साच्यातून हजारच्या आसपास निघतात. म्हणून लॅकरवरून बनलेली पहिली निकेलची प्रतच साचा म्हणून वापरण्याची स्वस्त पद्धत कारखाना सुचवेल. ती बिघडली तर मात्र लॅकर पुन्हा कापावं लागतं. दुसरी आवृत्ती लागेल अशी थोडी जरी शक्यता वाटत असेल तर मधली 'मदर' (जिच्यावरून पुन्हा साचे काढता येतात ती धातूची प्रत) करून घ्या. आणि ती कुणाच्या मालकीची, किती वर्षं सांभाळणार, मोडीत काढण्याआधी कळवणार का, हे पैसे भरायच्या आधी पावतीवर लिहून घ्या.